भिंतीची ऊब

स्वयंपाकघरात अकरा माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांची नजर एका पानावर खिळली होती. मनीप्लांटचं कोवळं पान, अजून पुरतं उलगडलेलंही नाही. बाहेर कडाक्याची थंडी. आसपासच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्यांनी दीड महिन्यात नवं पान म्हणून धरलं नव्हतं, आणि इथे हे तिसरं.

"यजमान आलेत," पानबाबा डोळे मिटून म्हणाले. "पानापानातून श्वास घेतायत. माउली, आता औषधांचं काय काम? एका पानामागे एक गोळी बंद. सांगतंय ते पान, मी नुसता पोस्टमन."

पोस्टमन चहा मात्र दोन कप घेत असे.

ताईने मान डोलावली. नवरा जाऊन चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून तिला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. हृदयाच्या चार गोळ्यांपैकी दोन बंद झाल्या होत्या, तिसरी आजपासून. पाय सुजले होते. त्याचंही तिला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी ती कुंडीशेजारी भिंतीला पाठ टेकून बसायची. भिंत उबदार लागायची, तेवढं कळायचं.

तिचा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. गर्दी पांगल्यावर त्याने तिचे पाय पाहिले आणि पिशवीतून थर्मामीटर काढला. कुंडीपाशी सव्वीस अंश, गॅलरीतल्या कुंडीपाशी अकरा.

"ही कुंडी इथे कुणी ठेवली?"

"बाबांनीच. आधी घरभर भिंतींना तळहात लावत हिंडले. लहरी शोधत होते म्हणे. ही मंतरलेली, गॅलरीतली साधी."

"भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी आहे, ताई. ते ऊब शोधत होते. या वेलाची वाढ थंडीत थांबते, उबेत पान फुटतं. आपण कुंड्यांच्या जागा बदलू. तोवर चारही गोळ्या घे. मी खोटा ठरलो तर बाबांचे पाय धरीन."

तीन आठवडे तो रोज फोन करून तिला गोळ्या घ्यायला लावत होता. मग त्याने सगळ्यांना बोलावलं. आता भिंतीपाशी असलेल्या साध्या कुंडीला दोन पानं फुटली होती. गॅलरीतल्या मंतरलेलीला एकही नवं पान नव्हतं.

"यजमानांनी कुंडी बदलली," बाबा म्हणाले.

"गॅलरीत थंडी वाजते का त्यांना?" भावाने विचारलं.

कुणीतरी हसलं, मग सगळेच. बाबा दुसऱ्या कपासाठी थांबले नाहीत.

घर रिकामं झाल्यावर ताईने भिंतीवर हात ठेवला.

"म्हणजे ते इथे नव्हतेच?"

"नव्हते."

तिला आत कुठेतरी दुखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"तू कुणावरही विश्वास ठेव," भाऊ म्हणाला, "पण आधी कुंडी हलवून बघत जा."

त्या दिवशी त्याला आठवण करून द्यावी लागली नाही. ताईने स्वतःच डबी उघडली, चार गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाणी मागितलं.