हवा मोजायचं यंत्र

हवा फिरली म्हणून इंजिन जाम झालं, असं बाळा परबने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. न मानून जाणार कुठे? अख्ख्या कांदिवलीत जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा डॉक्टर एकच, बाळा. त्याची पोरगी निधी मोटरसायकलच्या ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीला, उतरायची ती त्याने बांधलेल्या गाडीवर, आणि त्या गाडीच्या कार्ब्युरेटरला त्याच्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही, हा घरचा कायदा. गेल्या हिवाळ्यात घाटापलीकडच्या धावपट्टीवर पिस्टन चिकटला, मागचं चाक अडकलं आणि निधी फरफटत गेली. गळ्याचं हाड मोडलं. मान वाचली ही गावच्या रवळनाथाची कृपा, असं तिची आई रत्नप्रभा अजून येईल त्याला सांगते.

थंड हवा जड असते, तिला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कमी पडलं की पिस्टन तापून बसलाच. मग हवा मोजायचं मशीनच घेऊन टाकू, असं टीमच्या पोरांनी ठरवलं. झकास! फक्त निधीला माहीत होतं की हवा बिचारी कुठे फिरलीच नव्हती. खांदा हलायला लागल्यावर तिने गुपचूप कार्ब्युरेटर उघडला होता. पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा जेट आत होता, हरभऱ्याएवढा, वर आकडा कोरलेला. बाबाने सांगितला होता तो आकडाच नव्हता. लहान जेट बसवला होता त्याने, मोठा समजून. साखरेने डोळे खाल्ले होते त्याचे, आणि हा माणूस कुणाला पत्ता लागू देत नव्हता. पेपर वाचायचा सोडला, तर म्हणे हल्ली बातम्या भिकार असतात.

तिला बोलायचं होतं. नाही बोलली, तर या मोसमात पुन्हा तोच हात जेट बसवणार आणि त्याच गाडीवर ती सुटणार. बोलली, तर बाबाचं उरणार काय? शब्द ओठांपर्यंत यायचे आणि माघारी जायचे. असे महिने गेले.

गोरेगावात एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धवलचं मोजमापाच्या उपकरणांचं दुकान होतं. बाबा म्हणाला, मीही येतो, मशीन मीच निवडणार. धवल भला माणूस, त्याने नीट समजावलं. नुसता पंखा लावलेलं घेऊ नका, ते वारा मोजतं. तुम्हाला तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब, तिन्ही पाहिजेत. फोनवर दाखवतात तो दाब समुद्रसपाटीचा, घाटावर उभं राहून त्याचा काय उपयोग? आणि मशीन उन्हात धरायचं नाही. मग त्याने दोन मशीनं काउंटरवर ठेवली. एकाला स्क्रीन होती. दुसरं नुसती कांडी, तिचे आकडे थेट मोबाइलवर यायचे.

निधीने कांडी मनात पक्की करून ठेवली होती. आकडे आपल्या फोनवर येतील, मग हळूहळू जेटही आपणच बसवू. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

बाबाने कांडी बोटांनी चाचपली आणि बाजूला सारली. याला तोंडच नाही, म्हणाला. स्क्रीनवालं उचलून तो दारापाशी सावलीत गेला, हात लांब केला, मान तिरकी केली आणि वाचलं, "तापमान एकतीस. दमटपणा सहासष्ट."

स्क्रीन काळी होती. धवलने अजून सेलच घातला नव्हता.

धवलने तोंड उघडलं, तसा निधीने हात वर करून त्याला थांबवलं.

"बरोबर ना गं?" बाबाने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली. मूर्ख पोरगी! जीव धोक्यात घालायला तयार झाली, पण बापाला खोटा पाडायला नाही. हेच द्या, असं तिने धवलला सांगितलं. त्याने बांधून देण्याआधी मागचं झाकण उघडलं, सेल घातला, बटण दाबलं आणि मशीन पहिल्यांदाच टूंऽऽ करून वाजलं. बाबा शेजारीच उभा होता. त्याने झटकन आवाजाकडे मान वळवली. रिक्षात तो डोळे मिटून बसला. उन्हाने दमला असेल, असं निधीने स्वतःला समजावलं.

तिन्हीसांजेला रत्नप्रभाने देवापुढे नारळ ठेवला आणि मशीनला हळदकुंकू लावलं. कोकणातल्या माणसाच्या घरात नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घालायचंच. घरच्या कर्त्याने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही.

बाळाने हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा, आज ह्या नवीन येंत्र घराक इलासा, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"पोरीच्या जिवार बेतला, तेवा मी हवेचा नाव घेतलंय. हवा फिराक नाय म्हाराजा. माझे डोळे गेले. बारको जेट मीच बसयलंय."

रत्नप्रभाने पदर तोंडात कोंबला. निधी कशीबशी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"पोरीक सगळा ठावक होता. माका दुखवूक नको म्हणान ती गप रवली. तिका सांभाळ. आजपासून गाडयेक माझो हात लागाचो नाय."

एवढं बोलून तो थांबला. नजर देवावर नव्हती, शेजारच्या रिकाम्या भिंतीवर होती, आणि ते त्याला कळतही नव्हतं. नको बाबा, असं करू नको, असं निधीला ओरडावंसं वाटलं. पण गाऱ्हाण्यात नको म्हणायची सोय नसते. आई तर रडतच होती, तिच्याकडून शब्द फुटणार नव्हता. बाबा वाट बघत उभा होता.

"व्हय म्हाराजा," निधी म्हणाली.