पान दोनशे बाराचं शुद्धिपत्र

उत्कृष्ट इतिहासग्रंथाचा पुरस्कार अनंतराव टिपणिसांच्या पुस्तकाला जाहीर झाला, त्याच सकाळी गावाची नदी पश्चिमेकडून उठली आणि पूर्वेला जाऊन वाहायला लागली. कारण पान नऊवर त्यांनी तसं लिहिलं होतं. परीट कुरकुरत का होईना, आपले दगड उचलून गावाच्या त्या अंगाला गेले. दुसऱ्या दिवशी पान एक्केचाळीसवरची तोफ तहसील कचेरीच्या दारात येऊन बसली. कारकुनानं तिच्यावर आवक क्रमांक टाकला.

टिपणिसांनी पुरस्कार मंडळाच्या चिटणिसांना फोन लावला.

"त्यात काय एवढं?" चिटणीस म्हणाले. "आपल्या पुरस्काराची रीतच आहे ती. जाहीर झाला की पुस्तक पानापानानं खरं होत जातं. शाल अंगावर पडली की पक्कं. मग कुणाच्या बापाला खोडता येत नाही."

"आणि एखादी चूक राहिली असेल तर?"

"शाल पडायच्या आत शुद्धिपत्र चिकटवा. सभागृहातल्या प्रत्येक प्रतीत हं. तीनशे ठेवल्यात."

फोन ठेवून टिपणीस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची बायको शशिकलाबाई चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. पान दोनशे बारावर ते लिहून गेले होते: 'हसबनीस घराणे अठराशे अठरा साली संपले. पुढे त्यात कोणी जन्मले नाही.'

शशिकलाबाई माहेरच्या हसबनीस.

त्या ओळीला पुरावा म्हणाल तर काही नव्हता. राग होता. सासऱ्यांकडे जुन्या कागदांची तीन गाठोडी होती, लाल रुमालात बांधलेली, आणि एकतीस वर्षं त्यांनी जावयाला एकाचीही गाठ सोडू दिली नाही. "जावईबापू, जेवा, झोपा, जाताना आंबे न्या," म्हणायचे, "पण गाठीला हात लावायचा नाही." सासरे गेले, गाठोडी वाळवीनं खाल्ली, आणि टिपणिसांनी दोन वाक्यांत सूड उगवला.

"तुला वाचताना दिसलं नाही?" त्यांनी विचारलं. पुस्तकाची मुद्रितं शशिकलाबाईंनीच तपासली होती.

"दिसलं की," शेंग मोडत त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढा जळफळाट आहे तर लिहू दे बापड्याला. वाचतंय कोण?"

पुस्तक खरं होत होत पान दीडशेच्या पुढे सरकलं, तशी शशिकलाबाईंची पावलं वाजेनाशी झाली. शनिवारी ओल्या लादीवरून चालल्या, तर ठसे उमटले नाहीत.

"गुडघे मात्र दुखायचे थांबले हो," त्या म्हणाल्या.

टिपणीस रात्रंदिवस चिठ्ठ्या लिहीत होते. 'पान दोनशे बारावरील मजकूर चुकीचा आहे. हसबनीस आहेत.'

रविवारी दुपारी नाट्यगृहात समारंभ सुरू झाला तेव्हा टिपणीस विंगेत प्रतींच्या ढिगाशी मांडी घालून बसले होते. शेजारी वाटीभर खळ. त्यांची भिस्त वक्त्यांवर होती. या गावात आजवर कुणी माइक तासाच्या आत सोडलेला नव्हता, आणि आज तिघं बोलणार होते. तीनशे प्रती आरामात उरकल्या असत्या.

पहिले वक्ते उठले. "मी दोनच शब्द बोलणार आहे," म्हणाले, दोनच शब्द बोलले आणि खाली बसले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसरे म्हणाले, "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे." आणि तेही बसले.

टिपणीस खळीच्या हातांनीच अध्यक्षांकडे धावले. "अध्यक्षमहाराज, पाया पडतो, बोला. तुमचं बालपण सांगा. तुरुंगवास सांगा."

"छे छे, आज तुमचा दिवस," अध्यक्ष म्हणाले. "मी वेळ घेणार नाही."

"मला हा पुरस्कार नको!" टिपणीस माइकमध्ये ओरडले.

"किती हा विनय!" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

दोनशे एकसष्ट प्रती झाल्या होत्या. टिपणीस परत विंगेकडे वळले, तर चिटणिसांनी प्रेमानं त्यांचा दंड धरून त्यांना रंगमंचाच्या मधोमध आणलं. एक प्रत काखेत होती, तिच्यात त्यांनी उभ्याउभ्याच चिठ्ठी दाबली. दोनशे बासष्ट. अध्यक्षांनी शालीची घडी मोडली.

टिपणिसांनी पहिल्या रांगेत पाहिलं. शशिकलाबाई त्यांना खूण करत होत्या. "अहो, घाम पुसा आधी," त्या म्हणाल्या. आवाज आला नाही, ओठांवरून कळलं.

शाल हवेत पसरली.

नाट्यगृहातल्या खुर्च्यांची बैठक माणूस उठला की आपोआप वर जाऊन मिटते. शशिकलाबाई उठल्या नव्हत्या. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, नजर टिपणिसांवर होती, आणि बैठक त्यांना घेऊन हळूहळू मिटत चालली होती.