त्याच्यासारखं ठोक

कॅप्टनसाहेबांनी पाईप पॉलिश करून घेतला. माझं डोकं पहिल्यांदा फिरलं ते तिथं.

आमच्या जहाजाच्या इंजिनरूममधला पाईप तो. जहाज भंगारात गेलं तेव्हा हातभर तुकडा कापून ठेवला होता. काळा, तेलकट, जागोजागी चेपलेला. आता स्मृतिसभेच्या स्टेजवर लाकडी ठोकळ्यावर बसवलाय, तोंड बघावं असा चकचकीत. शेजारी लाल कापडावर पाना. तोही चकचकीत. बक्षीस समारंभ आहे जणू.

इंजिनरूममध्ये बोललेलं ऐकू येत नाही. कानाशी तोंड नेऊन बोंबललात तरी नाही. म्हणून आम्ही पाईपवर पाना ठोकायचो. सावकाश ठोके म्हणजे ठीक आहे, चालू दे. लागोपाठ ठोके म्हणजे दार उघड. बस, एवढीच भाषा. नवीन माणसाला जेवायची जागा दाखवायच्या आधी हे शिकवायचे.

आग लागली तेव्हा खाली तिघं होते. मास्तर, जो साधा नट आवळतानाही वर्ग घ्यायचा. गवई, जो फक्त इंजिन चालू असतानाच गायचा, कारण एरवी गायला असता तर आम्ही त्याला पाण्यात टाकला असता. आणि घाई. माझा दोस्त. धीर नावाची चीजच नव्हती त्याच्याकडे. मी आंघोळीला गेलो की दारावर धडाधड.

"अरे, साबण लागलाय अंगाला!"

"मग साबणासकट ये बाहेर!"

मी वर होतो, दाराबाहेर, पाण्याचा होज धरून. दार कंट्रोलरूममधून लॉक केलेलं. हुकूम कॅप्टनसाहेबांचा, उघडायचं नाही. आणि पाईप वाजायला लागला. लागोपाठ. नुसता लागोपाठ. मग एकाचाच हात उरला असावा. तोही लागोपाठ. मग काही नाही.

चौकशीत मी हे सांगितलं. शेजारी उभा होता त्या आचाऱ्यानंही सांगितलं. अहवालात काय आलं? "आतून आवाज आले."

आणि साहेबांनी पहिल्याच भाषणात सांगून टाकलं, की पोरांनी आतून सावकाश ठोके दिले. दार उघडू नका, आमची काळजी करू नका, जहाज वाचवा. लोक ढसाढसा रडले. मग दरवर्षी तेच. आता तर त्याचा विधीच करून टाकलाय. स्टेजवर कोणीतरी तीन सावकाश ठोके द्यायचे, मग सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं.

दार उघडलं असतं तर आग वर आली असती, आम्हीही गेलो असतो कदाचित. कळतं मला. मी काही कुक्कुलं बाळ नाही. दिला हुकूम, दिला. पण मग तो हुकूम माझा होता म्हण ना! मेलेल्यांच्या हातात कशाला देतोस?

या वर्षी ठोके द्यायला मला बोलावलं. त्या वेळी दाराशी होतो म्हणून. सभेआधी साहेबांनी खांद्यावर हात ठेवला.

"छान सावकाश दे. घाबरू नकोस."

"साहेब, ठोके तसे नव्हते."

हात निघाला. "हे बघ, तुझ्या दोस्ताची आई पहिल्या रांगेत बसणार आहे. या एका गोष्टीवर बाई जगतेय. ती तुला मोडायचीय?"

बरोबर नेम धरून मारलं. मी आतून नुसता जळत होतो.

घाईची आई दारातच भेटली. मी काकू म्हणतो तिला.

"बाळा, यंदा तू ठोकणार ना?"

"हो काकू."

"त्याच्यासारखं ठोक. त्या इतरांचं ऐकून मला काही वाटतच नाही बघ. कुणीतरी परकं आलंय दाराशी, असं वाटतं."

स्टेजवर गेलो. पाना हातात घेतला. साहेब माईकवर, "आणि आता तो निरोप..." निरोप म्हणे!

ठोकलं. लागोपाठ. दात ओठ खाऊन, हाताला मुंग्या येईस्तोवर. पॉलिश उडायला लागलं. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून आचारी ओरडला, "जोरात रे! खालपर्यंत गेलं पाहिजे!" आणि इंजिनरूमवाले सगळे उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

साहेब माईकमध्ये म्हणाले, "पोराला भावना आवरल्या नाहीत..."

"आवरल्यात!" मी म्हणालो. "असंच वाजत होतं. उघडा म्हणत होते ते!"

मग मला काकू दिसली आणि हात थांबला. ती उठून स्टेजच्या पायऱ्या चढत होती. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसू दे.

"हे खरं?"

"हो काकू."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तिनं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. "शाळेतून आला की दार असं बडवायचा, शेजारीण बाहेर यायची भांडायला. एवढी वर्षं मी ऐकतेय, सावकाश ठोकलं, सावकाश ठोकलं. माझा पोरगा? सावकाश?"

मग साहेबांकडे वळली. "मी घरी असले की धावत जायचे हो दार उघडायला. हातातलं टाकून."

साहेबांनी माईकवर हात ठेवला.

काकूनं माझ्या हातातून पाना घेतला, पदरानं पुसला आणि पिशवीत घातला.

"ताई," साहेब हळूच म्हणाले, "ते संग्रहालयाचं आहे."

"मग लावा चौकशी," काकू म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल रे."