सागरचं स्थळ

रावेरकडच्या आमच्या केळीबागांत माणूस हरवतो, हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. नका पटवून घेऊ. एक पोस्टमन लग्नाची पत्रिका घेऊन मोतीलालच्या बागेत शिरला होता. पलीकडच्या बांधावर निघाला, तेव्हा त्याच जोडप्याच्या पोराचं बारसं चाललं होतं. बिचारा पेढा खाऊन घरी गेला, तर बायको ओळख दाखवेना.

अशा बागेत मोतीलालचा एकुलता एक पोरगा पितांबर वाढला. पुढे पान, मागे पान, वर बघावं तर आभाळाची चिंधी. दुपारी बारा वाजता हिरवा अंधार. पोरगं लहानपणी लांबचं काही बघायचं म्हटलं की विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कट्ट्यावर, चढायचं आणि टाचा उंच करून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर शोधायचं. तोही मोतीलालनं थारोळ्याभोवती केळी लावली त्या वर्षी दिसायचा बंद झाला.

चोविसाव्या वर्षी पितांबर भुसावळहून विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायला शिकून आला. जळालेली मोटार त्याच्या हातात द्या, संध्याकाळी पाणी ओढायला लागायची. असा माणूस कुठल्याही गावात पोट भरेल. तो बापाला म्हणाला, "आबा, मी बाहेर जातो."

मोतीलाल म्हणाला, "जाय ना. मी काय बांधून ठेवलं तुले? एवढी बाग कापून होऊ दे."

आता केळीचं असं आहे, की घड कापायच्या आतच खोडाच्या बुडाशी पिल उभं राहतं. ते राखलं की पिलबाग झाली. ती कापायला आली की तिचं पिल. मोतीलाल कधी खोटं बोलला नाही. त्याची बाग फक्त कधी कापून झाली नाही.

दोन-तीन वर्षं वाट बघून पितांबर माझ्याकडे आला. मी केळीच्या वॅगनींबरोबर पार वर उत्तरेपर्यंत हिंडलेला माणूस.

"नाना, असं गाव सांगा, जिथं नजर जाऊन लांब टेकेल."

"मग धुळ्याकडे जा. माळच माळ आहे."

"माळावर आबा उद्या विहीर खोदतील, परवा केळी लावतील. मला तलावाचं गाव पाहिजे. पाण्यावर केळी लागत नाही."

पोराची अक्कल बघून मला गहिवरून आलं. मी त्याला तलाव सांगत बसलो. नैनीतालचा तलाव इतका थंड, की तिथले मासे स्वेटर घालतात. तिथं मोटार तापणार नाही, मग जळणार कधी आणि हा खाणार काय? ते गाव गेलं. उदयपूरला तलाव पुष्कळ, पण तिथला राजवाडा रात्री पाणी प्यायला खाली उतरतो आणि दुष्काळात तलावाचा तळ दिसतो. तेही गेलं. मग मी मध्य प्रदेशातल्या सागरचं सांगितलं. भुसावळहून गाडी, बीनाला बदलायची. गावाच्या मधोमध मोठा तलाव, भोवती घाट, पलीकडे टेकडी. आणि त्यात मी काहीच वाढवलं नाही, यावरूनच तलाव किती चांगला असेल ते ओळखा.

"हेच," पितांबर म्हणाला.

मोतीलालनं लगेच फाटे फोडले. "ज्या गावाचं कूळमूळ माहीत नाही, तठी पोरगं कसं देऊ?"

तेव्हा पितांबरनं डोकं चालवलं. म्हणाला, "मग पोरगी पाहायला जाता तसं गाव पाहायला चला. पसंत पडलं तर मला अडवायचं नाही."

मोतीलालला हे न्यायाचं वाटलं. आमच्याकडे स्थळ पाहायला गेल्यावर नापसंत असेल तर नुसता चहा पितात. पण तोंडात घास गेला की होकार झाला; मग मागे फिरता येत नाही. हे पितांबरला माहीत होतं. त्यापेक्षा जास्त मोतीलालला माहीत होतं. म्हणून त्यानं सुगंधाबाईला, आपल्या बायकोला, जाऊन-येऊन पुरतील एवढ्या दशम्या बांधायला लावल्या.

दिवाळी सरल्यावर आम्ही निघालो. मोतीलाल फेटा बांधून, त्याची थोरली बहीण भिकुबाई नऊवार नेसून, पितांबर आणि मी. भिकुबाईनं ओटीचं सामानही घेतलं होतं. "रिकाम्या हातानं कसं पाहायचं?" म्हणाली.

सागरला तलावाच्या घाटावर येऊन बसलो. आणि मी पितांबरकडे बघितलं. त्याची नजर पाण्यावरून चालत चालत टेकडीपर्यंत गेली आणि तिथं बसली. छातीत कुठंतरी अडकलेला श्वास बाहेर पडावा, तसे त्याचे खांदे खाली आले. एवढा मोठा झालेला पोरगा मी पहिल्यांदाच सैल बसलेला पाहिला.

भिकुबाईनं तलावाला नखशिखांत न्याहाळलं. "रंगानं सावळा आहे जरा. पण नाकीडोळी बरा."

"वळण कसं आहे, ते पाह्य अक्का," मोतीलाल म्हणाला. "एवढं पाणी आन नुसतं पडून आहे. आळशी घर दिसतं."

दुपार झाली. पितांबरनं गरम पुऱ्या आणल्या. मोतीलालनं दशमी काढली. पितांबरनं जिलबी आणली. मोतीलालनं तोंड फिरवलं.

"आबा, एक घास."

"भूक नाही मले."

"दशमी खाता ना?"

"ती आपल्या घरची आहे."

पितांबरचा चेहरा उतरला. संध्याकाळची परतीची गाडी होती. ती गाठली की पुन्हा ते थारोळं, तीच पिलबाग.

तेवढ्यात एक माणूस पाण्यातून आला. उपड्या मडक्यांवर बाज बांधलेली, तिच्यावर हा बसलेला आणि पुढ्यात हिरव्या शिंगाड्यांचा ढीग. मोतीलाल ताडकन उठला.

"हे काय आहे भैया?"

"सिंघाड़ा. पानी की फसल."

"पाण्यात पीक?" मोतीलालचा आवाज फाटला. "बी कहां डालते? खत कौनसा? कितने महिने में आता?"

तो माणूस सांगत गेला. मोतीलालनं एक शिंगाडा उचलला, बोटात फिरवला, नखानं सोलला, नाकाशी नेला. मी पितांबरचं मनगट दाबून धरलं. शेतकऱ्याच्या हातात नवं पीक आलं की ते कुठं जातं, हे काय मला माहीत नाही? मोतीलालनं तो शिंगाडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

"आबा जेवले!" पितांबर ओरडला. "आत्या, तुम्ही साक्षीला! आबा सागरचं जेवले!"

मोतीलाल चावता चावता थांबला. पण थुंकला नाही. शब्दाचा पक्का माणूस. गिळून म्हणाला, "झालं. पसंत आहे."

भिकुबाईनं लगेच पाण्याची ओटी भरली. पितांबरनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही असावं. तो म्हणाला, "मग आबा, मी आजपासून इथंच राहतो."

"तू इठी?" मोतीलाल दचकला. "काऊन?"

"पसंत केलंत ना?"

"केलं ना. पण पसंत केल्यावर पोरगा सासरी जातो का सून घरी येते?" मोतीलालनं बहिणीकडे बघितलं. "अक्का, आपल्या खानदानात कोणी घरजावई झालं?"

"कोणी नाही बाई," भिकुबाई कानाला हात लावत म्हणाली. "भलतं काही बोलू नको रे पितांबर!"

पितांबरनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात हजार गोष्टी रचल्या मी. त्या वेळी एकही सुचेना. स्थळाची गोष्ट त्यानंच काढलेली होती. रीत त्याचीच, शब्द त्याचाच.

मोतीलालनं त्या माणसाकडून घेतलेल्या शिंगाड्याच्या वेली सून म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि बीनापासून भुसावळपर्यंत त्यांच्यावर तांब्यानं पाणी शिंपडत आणलं. डब्यातल्या बाया विचारायच्या, "बाळाला ताप आला का?"

पुढच्या उन्हाळ्यात बागेच्या ऐन मध्यावर शंभर बैलांनी माती उपसून तळं झालं. शंभर म्हणजे मी मोजले नाहीत, पण शेण तेवढं पडलं होतं. गावानं वाजतगाजत त्यात वेली सोडल्या. पंचक्रोशीतले लोक बघायला येत, शिंगाडे खात, मोतीलालला वाखाणत. आणि तळ्यात पाणी सोडणारी मोटार सारखी जळायची, म्हणून पितांबरला घटकाभरही हलता येईना.

मी एकदा भेटायला गेलो. तो काठावर बसला होता. नजर पाण्यावरून निघायची आणि दहा पावलांवर केळीच्या भिंतीला आपटून परत यायची. त्या भिंतीची सावली पाण्यातही पडलेली, म्हणजे आता खालूनही केळीच.

"नाना," तो हळू म्हणाला, "आता समुद्राचं गाव सांगा. समुद्र काही आबांना घरी आणता येणार नाही."

मी मान हलवली आणि चूळ भरायचं निमित्त करून तळ्याकडे वळलो. कारण आदल्याच दिवशी पारावर मोतीलालनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, विहिरीच्या पाण्यात मीठ टाकलं तर नारळ किती वर्षांत धरतो.