वेंडलचं पिस्तूल

माझा धाकटा भाऊ वेंडल एका रविवारी चर्चमधून परस्पर आमच्या अंगणात आला आणि पिकअपमधून बंदुका उतरवायला लागला. रायफली, वडिलांची जुनी शॉटगन आणि एक पिस्तूल. सगळं घोंगड्यांत गुंडाळलेलं.

"तुमच्या तिजोरीत ठेव," म्हणाला. "सध्या मला त्या घरात नकोत."

त्याची बायको, जून तिचं नाव, त्या वसंतात वारली होती. मी काही विचारलं नाही. आमच्याकडे, अमेरिकेतल्या पूर्व मोंटानात, माणसाच्या बंदुकांबद्दल आणि मनाबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या नवऱ्यानं, क्लाइडनं, मुकाट्यानं तिजोरी उघडली आणि जागा केली. निघताना वेंडल माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागितल्या तरी लगेच देऊ नकोस."

"लगेच म्हणजे किती?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

ऑक्टोबरात तो पुन्हा आला. दाढी केलेली, अंगावर थोडं मांस चढलेलं. क्लाइडच्या टोपीवरून त्यानं दोन विनोदही मारले. मग म्हणाला, "हरणांचा मोसम उघडतोय. माझ्या बंदुका दे."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे म्हणून तर शिकारीला निघालोय, बाई!"

मी उद्या देते म्हणून त्याला वाटेला लावलं. क्लाइड माझ्यावर उखडला. "त्याच्या वस्तू त्याला द्यायला तुला उद्या कशाला लागतो? तू त्याची कोण, पोलीस?"

पोलीस मला किराण्याच्या दुकानात भेटली. मार्सी, आमच्या काउंटीच्या शेरीफची डेप्युटी. बटाटे निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"कायद्यानं त्या त्याच्या आहेत," ती म्हणाली. "तू दिल्या नाहीस तर उलट तोच तक्रार करायला माझ्याकडे येईल."

"आणि तू माझ्या जागी असतीस तर?"

"नसत्या दिल्या." तिनं एक बटाटा परत ठेवला. "पण माझं ऐकू नकोस. माझ्या काकाच्या आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतल्या, तर त्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. म्हणे, तुम्ही मला माणसातून उठवलंत."

मी दुकानातून दूध न घेताच परत आले. गंमत म्हणजे, दोन वर्षांपूर्वी गावच्या सभेत असल्याच कायद्यावर वाद झाला होता. माणूस धोक्यात दिसला तर न्यायाधीशानं त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्याव्यात, असं काहींचं म्हणणं होतं. तेव्हा मीच उभी राहून म्हणाले होते की एका माणसाच्या मनात काय चाललंय हे दुसऱ्यानं ठरवू नये. टाळ्या पडल्या होत्या. आणि आता तिजोरीची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी मी वेंडलला त्याची हरणाची रायफल दिली. पिस्तूल दिलं नाही.

"ते कुठंय?"

"पिस्तुलानं हरणं मारणार आहेस?"

तो हसला, मग हसू विरलं. "लोर्ना, ते माझं आहे. मी ठेवायला दिलं होतं, तुला बक्षीस नव्हतं दिलं."

"तूच म्हणाला होतास, लगेच देऊ नकोस."

"तेव्हा मी आजारी होतो. आजारी माणसाचं ऐकतेस आणि बऱ्या माणसाचं ऐकत नाहीस?"

मला वाटलं तो बरोबर आहे. मग वाटलं, बरा असता तर इतका चिडला असता का? मग वाटलं, मीसुद्धा चिडलेच असते की.

आठवड्याभरात तो आला. ओट्यावर हरणाच्या मांसाचं पुडकं ठेवलं आणि शेजारी एक नवंकोरं पिस्तूल. "दुकानात गेलो, कागद भरला, घेऊन आलो. कॉफी गार व्हायच्या आत. आता तुझं ते ठेव तुझ्या तिजोरीत, आणि सुखानं झोप."

क्लाइड मोठ्यानं हसला. मला रडू आलं, आणि मांस मात्र मी नीट फ्रीजरमध्ये ठेवलं.

तेव्हापासून मी त्याला रोज सकाळी फोन करायला लागले. काही ना काही निमित्त काढायचे. कधी हवा, कधी गाडीचं तेल. तो म्हणायचा, "जिवंत आहे गं, ठेव आता." डिसेंबरात एका सकाळी फोन वाजतच राहिला. मी चपलांवरच गाडीत बसले. रस्ता कसा कापला, आठवत नाही.

तो शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस हॉलव्हर्सनच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढत होता. मी गाडीतून उतरले आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली.

"अरे, फोन!"

"घरात राहिला." मग माझ्या पायांकडे बघून त्याला उमगलं. "मी मेलो असतो तर तुझं खरं ठरलं असतं, नाही का?"

"तसं बोलू नकोस."

त्यानं एक फावडंभर बर्फ बाजूला टाकला. मग फावड्यावर रेलून म्हणाला, "ते नवं विकलं मी. मंगळवारी."

"का?"

"मंगळवार वाईट होता."

"देव पावला! बरं केलंस."

"बुधवारी पस्तावलो. एकटा राहतो, घरात काहीतरी हवं ना? उद्या पुन्हा जाऊन आणेन, नाहीतर नाही आणणार. मला विचारू नकोस. मलाच कळत नाही, तर तुला कुठून कळणार?"

तो मंगळवारी वाचला म्हणून देवाचे आभार मानावेत, की असे मंगळवार अजून येतात म्हणून घाबरावं? त्याला गाडीत घालून घरी न्यावं, की त्याचं त्याला जगू द्यावं? मी तशीच उभी राहिले. त्यानं आपल्या घरात जाऊन जूनचे बर्फातले बूट आणि दुसरं फावडं आणलं.

"पायऱ्यांकडून सुरू कर," तो म्हणाला. "आणि रडायचं असेल तर बाजूला उभी राहून रड. गोठलं तर म्हातारी घसरून पडेल."

मला हसू आलं. मी बूट चढवले आणि पायऱ्यांकडे वळले.