माथ्यावरच्या चहाची रोपं

माझ्या बायकोच्या, यी वेंगच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की तो बाहेर काढणं विहारातल्या भिक्खूंनाही जमत नाही. आम्ही डोंगरातले ब्लांग लोक चहावरच जगतो, पण चहा कुठून आला हे आमच्यात कुणी विचारत नाही. पूर्वजांनी लावला, विषय संपला.

आमची मुलगी फोंग शाळेत जायला लागली त्या साली कुनमिंग शहरातून दुआन बाई आल्या. झाडांचा अभ्यास करणाऱ्या. गावापासून तीन तासांच्या चढावर, डोंगरमाथ्यावरच्या दाट रानात एक जुनं चहाचं झाड आहे, ते त्यांना बघायचं होतं. वाट दाखवायला मी निघालो, तर यी वेंगही टोपली पाठीला लावून तयार.

झाडाचा बुंधा दोघांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. बाईंनी मापं घेतली, वहीत लिहिली आणि मला विचारलं, "हे आपोआप उगवलंय की कुणी लावलंय?"

"रानात आहे म्हणजे रानचहाच," मी म्हणालो.

यी वेंगनं खालच्या फांदीचा एक कोंब खुडला आणि उजेडात धरला. "रानचहाच्या कोंबावर लव नसते. याच्यावर आहे. आपल्या बागेतल्यासारखी."

तोवर बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता त्या जवळ आल्या. खाली पडलेलं एक फळ फोडून त्यांनी दाखवलं. "कोंब बागेतला खरा. पण फळाची साल बघा, किती जाड. ही रानातलीच."

"मग हे नक्की कुणाचं?"

"ते कळलं असतं तर एवढी चढून कशाला आले असते?"

झाडाखालीच जेवलो. चिकट भात होता, मिरचीची चटणी होती, आणि आमचा आंबट चहा. वाफवलेली पानं बांबूच्या नळीत ठासून जमिनीत पुरतात, ती काढून नुसती चावायची. बाईंनी मोठा घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले ते उघडेचनात. यी वेंग हसून हसून लोळायची बाकी.

बाई पानं घेऊन परत गेल्या. यी वेंगनं मात्र झाडाखालच्या बिया वेचून आणल्या. माझी आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "दारात एवढी बाग असताना रानातली भुतं कशाला गोळा करतेस?"

"भुतं नाहीत आई, बिया आहेत."

"त्यातूनच निघतात."

घरामागच्या वाफ्यात तिनं साठ बिया लावल्या. एकेचाळीस रुजल्या. सगळी एकाच झाडाची पोरं, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कुणाचं पान रुंद, कुणाचं सुरीसारखं, कुणाचा कोंब जांभळा. ती रोज सकाळी तिथं उकिडवी बसायची. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, नावं ठेवलीस का?"

रोपं गुडघ्याएवढी झाली तशी ती एकेकाचं पान चावून बघायला लागली. बहुतेक वेळा थुंकायची. एकदा न थुंकता गिळलं, आणि दुपारपर्यंत पोटात असा पीळ पडला की दोन दिवस अंथरुणाला खिळली. आईनं आल्याचं पाणी पाजलं, आणि प्रत्येक घोटाबरोबर एक टोमणाही.

तिसऱ्या दिवशी उठली ती तडक वाफ्यात. ज्यानं तिला आजारी पाडलं होतं ते रोप तिनं मुळासकट ओढलं.

"अगं, राहू दे की कोपऱ्यात," मी म्हणालो. "कुणाचं काय खातंय?"

"राहिलं तर फुलेल. फुललं की माशी याचा पराग माझ्या चांगल्या रोपांवर नेईल. पुढची पिढी परत कडू." एवढं बोलली आणि ते रोप हातात धरून तिथंच मातीत बसली. मला वाटलं परत पोटात दुखतंय.

"फोंगचे बाबा, असंच झालं असणार."

"काय असंच?"

"आपण म्हणतो, पूर्वजांनी चहा लावला. लावायला काय, बी पडलं की उगवतं. पण कडू कुठलं आणि गोड कुठलं हे चाखून, कडू तेवढं उपटत कोण बसलं? किती पिढ्या बसलं?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "जिचं पोट दुखलं असेल ती." आणि आत गेली. त्यानंतर तिनं भुतांचं नाव काढलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुआन बाई परत आल्या. वाफ्यात अकरा रोपं उरली होती. बाईंनी ती मोजली, मग रिकाम्या जागा मोजल्या.

"बाकीची?"

"उपटली. कडू होती."

"फेकली?" बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मला कडूच हवी होती! दोन्ही शेजारी ठेवून बघायची होती!"

"मग जाताना सांगायचंत. मी काय तुमच्या मनात शिरू?"

रागावलेल्या बाई चहाच्या दुसऱ्या वाटीला निवळल्या. त्यांनी तपासून काढलेलं सांगितलं: माथ्यावरचं झाड ना पुरतं रानातलं, ना पुरतं बागेतलं. मधलं. माणसानं त्याला बागेकडे वळवायला घेतलं होतं, आणि कधीतरी सोडून दिलं.

"का सोडलं?" यी वेंगनं विचारलं.

"ते पानावरून कळत नाही. गाव उठलं असेल. साथ आली असेल."

"म्हणजे कुणाचं तरी काम अर्धं राहिलंय." ती म्हणाली.

त्या अकरांपैकी दोन भेकरानं खाल्ली, आणखी पाच तिनं काढली. उरलेल्या चारांचा चहा आम्ही आता पितो. पहिला घोट जीभ आवळतो, मग घशात गोडवा चढतो आणि बराच वेळ राहतो. आई म्हणते ठीक आहे, म्हणजे तिला आवडला.

गेल्या वर्षी यी वेंग पलीकडच्या खिंडीतल्या दुसऱ्या झाडाच्या बिया घेऊन आली. त्यांची रोपं गुडघ्याला लागलीत. चव बघायला मला हाक मारते, तेव्हा मला नेमकं शेतात काम निघतं.