दहापैकी दहा

टेलरबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, पण स्वतःच्या मनाचं माप लिहायची वेळ आली तेव्हा बाई पार गांगरल्या. त्यांच्या नैराश्यावर उपचार करणाऱ्या समुपदेशक मॅडमची पद्धतच तशी होती. भेटीच्या आदल्या दिवशी एक कार्ड भरायचं. उद्या यायची इच्छा किती, शून्य ते दहा? आणि खाली एक ओळ, का ते.

पहिले दोन महिने बाईंनी कधी एक लिहिला, कधी दोन. खोटं कशाला बोला! सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायचा म्हटलं तरी जिवावर यायचं. धाकटी बहीण हाताला धरून न्यायची. पण जायच्या, एवढं खरं.

मग एका बुधवारी दुपारी बाई दुकानात काज करत बसल्या होत्या. कार्ड शिलाई मशीनवर कोरंच पडलं होतं. दोरा संपला म्हणून मान वर केली, तर कार्डावर लिहिलेलं: 'नऊ. आता मस्त वाटतंय.' अक्षर बाईंचंच. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गोळ्यांच्या गुंगीत आपणच लिहिलं असेल, असं म्हणून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं.

मॅडम खूश झाल्या. धाकटी तर हरखूनच गेली. "बघ ताई, म्हटलं नव्हतं मी?" किती दिवसांनी हसली होती पोर! तिचा चेहरा बघून बाईंना खरं काही बोलवेना.

पुढच्या बुधवारी दहा. त्याच्या पुढच्या बुधवारीही दहा. 'झोप छान लागते.' छान कसली, डोंबलाची! बाई पहाटेपासून छताकडे बघत पडलेल्या असायच्या.

चौथ्या बुधवारी त्यांनी ठरवलं, आज नजर हलवायची नाही. दार लावलं, कार्ड समोर ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले. पलीकडे गिऱ्हाइकांसाठीचा उंच आरसा होता. थोड्या वेळाने पेन्सिलीची खरखर ऐकू आली. बाईंचे हात मांडीवरच होते. आरशातली बाई मात्र मान खाली घालून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने मान वर केली आणि गोड हसली. "शोभतोय हो तुम्हाला," म्हणताना बाई गिऱ्हाइकाकडे बघून हसायच्या, अगदी तशीच.

कार्डावर होतं: 'दहा. आता यायची गरज नाही.'

आता बाईंच्या लक्षात आलं. हिला आपल्याला बरं करायचं नाहीये, हिला मॅडमचं दार बंद करायचंय. ते बंद झालं की आपण पुन्हा अंथरुणात. आणि या वेळी उठवायला कुणीही येणार नाही, कारण सगळ्यांच्या लेखी आपण ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्ड वाचलं. "वा! मग आजची भेट शेवटची समजायची?"

धाकटी शेजारीच बसली होती. बाईंचं तोंड आपोआप हसायला लागलं. "हो ना, अगदी छान..."

मॅडमच्या मागे खिडकीच्या काचेत ती आरशातली बाई बसली होती. तसंच गोड हसत.

बाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले. "ते मी लिहिलेलं नाही."

"ताई, असं काय करतेस गं?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोरं कार्ड पुढे सरकवलं. "मग तुम्ही लिहा."

बाईंनी पेन उचललं. त्यांनी लिहिलं, एक. धाकटीला रडूच फुटलं.

"शून्य का नाही लिहिलंत?" मॅडमनी हळूच विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शून्य असतं, तर तिचंच कार्ड तुमच्या हातात देऊन घरी गेले असते."

मॅडमनी पुढच्या गुरुवारची वेळ लिहून दिली. धाकटीने डोळे पुसले आणि ताईचा हात धरला. निघता निघता बाईंनी काचेकडे बघितलं. बाई उठल्या होत्या. ती अजून खुर्चीतच होती, आणि आता हसत नव्हती.